दारू सोडली, मग बरं कधी वाटणार?

‘दारू सोडून चौथा महिना चालू आहे. पहिल्या महिन्यात बरा होतो, आता उलट जास्त चिडतो. असं का?’ थोड्याफार फरकाने हाच प्रश्न वाचक पुन्हा पुन्हा विचारतात. कोणी झोपेबद्दल विचारतं, कोणी ‘घरचे अजून तोंडाचा वास घेतात’ म्हणून वैतागलेलं असतं. एखाद्याला एवढंच हवं असतं की वर्ष झालंय, आता एखादा पेग चालेल का.

दारू कशी सोडावी यावर आपल्याकडे भरपूर बोललं जातं. सोडल्यानंतरचं वर्ष कसं जातं, हे फारसं कोणी सांगत नाही. त्यामुळे रोज थोडं थोडं बरं वाटत जाईल, असं माणूस धरून चालतो. तसं होत नाही. मध्येच फार छान वाटतं, मग बिनसतं, आणि या बिनसण्याला घाबरून लोक पुन्हा ग्लास उचलतात. म्हणून पुढची माहिती शक्यतो दिवसांच्या क्रमाने दिली आहे. तुमच्या बाबतीत तारखा मागेपुढे होतील. क्रम मात्र बहुतेकांचा हाच असतो.

पहिले चार दिवस: एकट्याने, घरच्या घरी नको

‘आजपासून बंद म्हणजे बंद’ हा निश्चय चांगला. पण रोज भरपूर पिणाऱ्याने तो परस्पर अमलात आणणं धोक्याचं आहे. शेवटच्या पेगनंतर सहा-आठ तासांत हात थरथरू लागतात, घाम फुटतो, मळमळतं, छातीत धडधडतं. फिट येण्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत सर्वांत जास्त. त्यानंतर, साधारण ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान, काहींना भ्रम होतो. वेळकाळाचं भान सुटतं, भिंतीवर किडे चालताना दिसतात, नसलेली माणसं बोलताना ऐकू येतात, ताप चढतो. डॉक्टर याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात, वॉर्डात नुसतं ‘डीटी’. उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावू शकतो. हे ‘बाहेरचं’ समजून देवऋषाकडे नेण्यात जे तास जातात, ते परत मिळत नाहीत.

पुढीलपैकी एकही गोष्ट लागू असेल, तर दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच बंद करा:

- सकाळी उठल्यावर हात स्थिर व्हायला घोटभर लागते.
- यापूर्वी बंद करताना फिट आली होती किंवा भ्रम झाला होता.
- यकृताचा किंवा हृदयाचा आजार, मधुमेह आहे, किंवा वय साठीच्या पुढे आहे.
- दिवस गेले आहेत.
- दारूबरोबर झोपेच्या गोळ्याही चालू आहेत.
- रात्री लक्ष ठेवायला घरात कोणी नाही.

डॉक्टर काही दिवस क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपामसारख्या गोळ्या उतरत्या मात्रेत देतात आणि मग त्या बंद करतात. या गोळ्या मेडिकलवाल्याकडून ओळखीवर घेऊ नका. त्यांचीही सवय लागते, आणि वर दारू प्यायली तर श्वास मंदावतो.

आणखी एक खबरदारी. अशक्तपणा आला की जवळच्या दवाखान्यात ‘ग्लुकोज लावून घेणं’ आपल्याकडे सर्रास चालतं. वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या शरीरात बी-१ म्हणजे थायमिन जीवनसत्त्व फार कमी झालेलं असतं. ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. तेव्हा आपण किती पितो हे डॉक्टरांना आधी सांगा आणि ‘बी-वन दिलंय ना?’ असं सरळ विचारा. शेवटचा घोट किती वाजता घेतला, रोजचं प्रमाण किती, आधी कधी फिट आली होती का, कुठल्या गोळ्या चालू आहेत, हे चिठ्ठीवर लिहून नेलंत तर उत्तम. प्रमाण निम्मं करून सांगायचा मोह होतो, पण गोळीची मात्रा त्याच आकड्यावर ठरते. फिट आली किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर वाट न पाहता १०८ला फोन करा.

पहिला पंधरवडा: झोप नाही, गोड मात्र हवं

थरथर गेली तरी झोप येत नाही. रात्री दोन-तीनला जाग येते, अंथरूण घामाने भिजलेलं असतं. गोड खावंसं वाटतं. मधुमेह नसेल तर खा. चिक्की, लाडू, केळं, जे हाताशी असेल ते. वजनाची काळजी या दिवसांत नको, पोट भरलेलं असणं जास्त महत्त्वाचं. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर दोन्ही तपासून घ्या. दारू थांबली की रक्तदाब बऱ्याचदा उतरतो आणि गोळीची मात्रा बदलावी लागते. ती डॉक्टरांनी बदलायची, आपण नाही.

घरातल्या बाटल्या याच दिवसांत काढा. शोकेसमधली बाटली सगळ्यांनाच दिसते. प्रश्न असतो तो फ्लशच्या टाकीतल्या, गाडीच्या डिकीतल्या, माळ्यावरच्या जुन्या बादलीतल्या क्वार्टरचा. त्या जागा फक्त तुम्हालाच ठाऊक असतात. त्या आजच्या आज घरातल्या कोणाला तरी दाखवून टाका. दोन महिन्यांनी एखाद्या वाईट रात्री ती क्वार्टर नेमकी आठवते.

तिसरा आठवडा ते दीड महिना: हवेत तरंगायचे दिवस

मग एकदम बरं वाटू लागतं. चेहऱ्याची सूज उतरते, भूक लागते, सकाळ पुन्हा सकाळसारखी दिसते. जीजीटीसारखे यकृताचे रिपोर्ट काही आठवड्यांत खाली येतात. यकृताला नुसती चरबी चढली असेल तर तीही उतरू लागते. (सिरॉसिसचे व्रण असे जात नाहीत. पण तिथेही दारू बंद केल्याने आयुष्य वाढतं, त्यामुळे ‘आता सोडून काय उपयोग’ हा हिशोब चुकीचा.)

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसमधली (ए.ए.) जुनी मंडळी या दिवसांना ‘पिंक क्लाउड’ म्हणतात. आनंद घ्या, पण या भरात मोठे निर्णय घेऊ नका. नोकरी सोडणं, नवं कर्ज काढणं, जुन्या मित्रांना ‘बघा, बारमध्ये बसून सोडा पितो’ हे दाखवायला जाणं, आणि सर्वांत घातक म्हणजे फॉलोअप आणि गोळ्या बंद करणं. ‘आता गरज नाही’ हे वाक्य नेमकं याच दिवसांत तोंडातून निघतं.

श्रावणाचाही इथेच उल्लेख करायला हवा. महिनाभर श्रावण पाळता येतो, गणपतीत दहा दिवस हात लावत नाही, म्हणजे आपण व्यसनी नाही, हा आपल्याकडचा लाडका पुरावा. श्रावणाला शेवटची तारीख असते. संपणार हे ठाऊक असतं, म्हणून तो निभावतो. आदल्या गटारीला किती झाली आणि तो संपल्या संपल्या किती होते, हे पाहिलंत तर पुराव्याची किंमत कळेल.

दोन ते सहा महिने: बहुतेक जण इथे गडबडतात

ज्यांच्या प्रश्नांवरून हा लेख लिहायला घेतला, ते सगळे साधारण या टप्प्यावरचे.

कौतुक संपलेलं असतं. घरच्यांनी ‘सुटली एकदाची’ म्हणून नि:श्वास टाकलेला असतो आणि तुम्हाला मात्र कशातच चव वाटत नसते. क्रिकेटची मॅच, जेवण, मुलांचं बोलणं, सगळं पाणी घातल्यासारखं. बारीकसारीक गोष्टींवरून भडका उडतो. किल्ल्या कुठे ठेवल्या ते आठवत नाही. झोप सलग लागत नाही. लैंगिक इच्छा किंवा ताकद अजून परतलेली नसते, आणि त्याबद्दल कोणाशी बोलायचीही चोरी.

मेंदू इतकी वर्षं रोजच्या दारूच्या हिशोबाने चालत होता. ती घडी मोडून नवी बसायला महिने लागतात, एवढं कारण समजून घेतलं तरी पुरे. या काळात बरं न वाटणं हे उपचार फसल्याचं लक्षण समजू नका. मन आज काय सांगतंय त्यापेक्षा कॅलेंडरवर किती दिवस झालेत ते पाहा, आणि खालच्या गोष्टी नीट वेगळ्या ओळखून ठेवा:

- स्वप्नात पिणं. स्वप्नात पिऊन माणूस दचकून उठतो, तोंडाला चव असल्यासारखी वाटते, दिवसभर अपराधी वाटत राहतं. ही स्लिप, म्हणजे पुन्हा पिणं, नव्हे. फार जणांना पडणारं स्वप्न आहे. मीटिंगमध्ये किंवा समुपदेशकाला सांगून मोकळे व्हा.
- उदासी. दारू थांबवल्यावर दोन-चार आठवड्यांत मन थोडं उभारी धरतं. त्यानंतरही रोज रडू येत असेल, कामाला हात लागत नसेल, तर हे वेगळं नैराश्य असू शकतं आणि त्यावर वेगळे उपचार आहेत. मनोविकारतज्ज्ञांना दाखवा.
- जीव द्यावासा वाटणं. यासाठी आठवडे मोजायचे नाहीत. त्याच क्षणी घरातल्या कोणाला तरी सांगा, आणि ‘टेली मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो विनामूल्य आहे आणि चोवीस तास चालतो.
- झोप. कायमस्वरूपी गोळी मागू नका. दुपारची झोप बंद, संध्याकाळनंतर चहा बंद, उठायची वेळ ठरलेली. कंटाळवाणा उपाय आहे, पण चालतो.

संध्याकाळी सातचं काय करायचं?

तलफ सहसा ठरलेल्या वेळी आणि ठरलेल्या वळणावर येते. कामावरून सुटल्यावर हात आपोआप गाडी परमिट रूमच्या गल्लीत वळवतो. दारातला वेटर ‘या साहेब’ म्हणतो, शेंगदाण्याची वाटी न सांगता समोर येते. इथे मनोनिग्रह दाखवण्यापेक्षा रस्ता बदला. दहा मिनिटं उशीर झाला तरी चालेल.

तलफ लाटेसारखी येते आणि बहुधा पंधरा-वीस मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ काढायचा. आधी चार गोष्टी तपासा: भूक लागली आहे का, राग आला आहे का, एकटं वाटतंय का, थकवा आहे का? चारांपैकी एक तरी निघतेच, आणि तिचा इलाज बारमध्ये नसतो. निघण्याआधी ऑफिसातच काहीतरी खाऊन घेणं हा मला माहीत असलेला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय.

मोकळी झालेली संध्याकाळ भरणं मात्र अवघड. पिण्यात रोजचे तीन-चार तास जात होते. त्या जागी ‘छंद जोपासा’ असा सल्ला देणाऱ्यांनी एकदा तरी सात ते अकरा रिकामं बसून पाहावं. सुरुवातीला छंद नको, वेळेचं बंधन असलेलं काहीतरी हवं. ए.ए.ची मीटिंग, मुलाला क्लासहून आणणं, भजनी मंडळ, जिममधली पैसे भरून घेतलेली वेळ. कोणीतरी आपली वाट पाहतंय, अशी गोष्ट निवडा.

वर्षातल्या धोक्याच्या दिवसांवर कॅलेंडरमध्ये आधीच खुणा करून ठेवा: पगाराची तारीख, बोनस, उसाचं बिल, गटारी, गावची जत्रा, भावकीतल्या लग्नाची हळद, धुळवड, ३१ डिसेंबर, निवडणुकीचे दिवस. गोव्यातल्या वाचकांनी उर्राकचे दिवस, म्हणजे मार्च-एप्रिल, त्यात धरावेत. परदेशात एकटं राहणाऱ्यांना शनिवार-रविवार आणि सुट्टीवर गावी आल्यानंतरचा पहिला आठवडा जड जातो. त्यांच्यासाठी ऑनलाइन मीटिंगही असतात.

‘बसू या का?’ला काय म्हणायचं?

लांबलचक खुलासा देऊ नका, खुलाशावर वाद घालता येतो. ‘नाही रे, बंद केलीये’ एवढं बास. नवख्या माणसांत ‘गोळ्या चालू आहेत’ हेही चालतं, आणि बहुतेकदा ते खरंच असतं. हातात आधीच कोकम सरबताचा किंवा सोड्याचा ग्लास असला की कोणी दुसरा आणून ठेवत नाही. यायला-जायला स्वतःची गाडी ठेवा, म्हणजे जेवण झाल्या झाल्या निघता येतं. पहिल्या सहा महिन्यांतल्या हळदीला गेलाच नाहीत, तरी लग्न लागायचं ते लागतंच.

औषधं: चार नावं आणि त्यांच्या अडचणी

दारू सोडल्यावर टिकून राहायला मदत करणारी औषधं आहेत आणि ती घेणं कमीपणाचं नाही. निवड मनोविकारतज्ज्ञ करतील. तुम्हाला माहीत असाव्यात अशा गोष्टी:

- नाल्ट्रेक्सोन: पिण्यातली मजा आणि तलफ कमी करतं. ट्रॅमाडॉलसारखी अफूवर्गीय वेदनाशामकं चालू असतील तर चालत नाही. आधी यकृताची तपासणी होते.
- अकॅम्प्रोसेट: दिवसातून तीनदा घ्यावं लागतं, म्हणून चुकतं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी सांगा.
- बॅक्लोफेन: यकृत बिघडलेल्यांना बऱ्याचदा हे देतात. गुंगी येते, आणि मनाने एकदम बंद करायचं नाही.
- डायसल्फिरम: तलफ कमी करत नाही. यावर दारू घेतली तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. त्या भीतीवरच ते चालतं. गोळी थांबवल्यावरही साधारण दोन आठवडे हा धोका राहतो.

डायसल्फिरम चालू असताना खोकल्याचं अल्कोहोलयुक्त औषध, काही माउथवॉश, होमिओपॅथीचे थेंब, द्राक्षासव आणि अशोकारिष्टासारखी आसवं-अरिष्टं टाळा. आसवं मुरवून करतात, त्यांत मद्यार्क आपोआप तयार होतो. ‘आयुर्वेदिक आहे, काय होतंय’ म्हणत दोन चमचे घेतले तरी त्रास होऊ शकतो. ‘झीरो’ बिअरमध्ये मद्यार्क नसला तरी चव, वास, बाटली, सगळं जुनंच. पहिल्या वर्षात तिच्या वाटेला जाऊ नका.

भाजीतून, चहातून गुपचूप औषध देऊ नका. ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिराती एसटी स्टँडच्या भिंतीवर दिसतात. घरच्यांची हतबलता समजते. पण पुडीत काय आहे हे कोणालाच ठाऊक नसतं. ते डायसल्फिरम असेल आणि माणूस बाहेर पिऊन आला तर जिवावर बेतू शकतं. रुग्णाला न सांगता औषध देणं डॉक्टरांनाही मान्य नाही.

कुठे जायचं?

- सरकारी: जिल्हा रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालयाची मनोविकार ओपीडी. खर्च नाममात्र. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारची हेल्पलाइन १४४४६.
- राहून उपचार: पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं मुक्तांगण, वांद्र्याला फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये स्थापन केलेलं कृपा फाउंडेशन, ही जुनी नावं. स्त्रियांसाठी वेगळी सोय कुठे आहे, ते फोनवर आधी विचारा. पिणाऱ्या स्त्रिया फार उशिरा उपचाराला येतात, कारण घरचेच झाकून ठेवतात.
- अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस: १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली ही संघटना गावोगावी मीटिंग घेते. फी नाही, आडनाव विचारत नाहीत. पहिल्या मीटिंगला नुसतं ऐकत बसलात तरी चालतं. घरच्यांसाठी अल-अनॉन आहे. एका गटात करमलं नाही तर दुसऱ्या गटात जाऊन बघा, गटागटात फरक असतो.

केंद्रात तुमचे हक्क काय?

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८पासून लागू आहे. त्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांमुळे होणाऱ्या अवस्थाही येतात. म्हणजे हे हक्क तुमचेही आहेत:

- स्वतःहून दाखल झालात तर घरी जायचा हक्क आहे. काही ठरावीक कारणांसाठी तपासणी करायला २४ तासांपर्यंत थांबवून ठेवता येतं.
- तुमच्या संमतीविना दाखल करायचं असेल, तर दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होण्याचा धोका, किंवा स्वतःची काळजी घेता न येणं, असं कारण लागतं. पहिल्या वेळी ही मुदत जास्तीत जास्त ३० दिवसांची. दाखल केल्याचं मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवावं लागतं, स्त्रियांच्या बाबतीत तीन दिवसांत आणि पुरुषांच्या बाबतीत सात दिवसांत.
- साखळीने बांधणं, सक्तीने मुंडण करणं, सक्तीने काम करून घेणं बेकायदा आहे.
- उपचारांची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. रुग्णालयाने ती तुमच्या ऑफिसला परस्पर कळवायची नसते.

रात्री गाडी पाठवून माणसाला घरातून उचलून नेणारी केंद्रं आहेत. घरचे पैसे भरतात आणि सुटकेचा नि:श्वास टाकतात. असं केंद्र निवडू नका. आधी स्वतः जाऊन बघा. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडची नोंदणी दाखवायला सांगा. मनोविकारतज्ज्ञ कोणत्या दिवशी येतात, रात्री फिट आली तर काय सोय आहे, नातेवाइकांना भेटू आणि फोन करू देतात का, ते विचारा. उत्तरं देताना टाळाटाळ झाली तर तिथून निघा.

विम्याचं थोडक्यात. कायदा म्हणतो की मानसिक आजाराला शारीरिक आजाराइतकंच विमासंरक्षण हवं. पण बऱ्याच पॉलिसींत ‘मद्यपानाशी संबंधित उपचार’ वगळलेले असतात. दाखल होण्याआधी विमा कंपनीला लेखी विचारा. दावा नाकारला तर कंपनीच्या तक्रार कक्षाकडे जा. तिथे महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे अर्ज करता येतो. त्याला फी नाही.

घरच्यांसाठी

तोंडाचा वास घेणं थांबवा, असं सांगणं सोपं आहे. ज्या बाईने दहा वर्षं रात्री लिफ्टच्या आवाजावरून ‘आज किती झाली असेल’ हे ओळखलं, तिचा कान सहा महिन्यांत बंद होत नाही. म्हणून सोडणाऱ्यांनाही सांगतो: विश्वास मागू नका. तो तुमच्या तब्येतीच्या मागून, फार सावकाश येतो. पगार घरात देणं, ‘साडेसातला येतो’ म्हटल्यावर साडेसातला येणं, उशीर होणार असेल तर फोन करणं, यावरच तो उभा राहतो.

घरच्यांनी मुलांना ‘बाबांवर लक्ष ठेव’ असं काम देऊ नये. कर्जं परस्पर फेडू नयेत, ऑफिसला खोटे निरोप देऊ नयेत. आणि मारहाण होत असेल तर ‘दारूच्या भरात झालं’ ही सबब कायदा मानत नाही. ११२ किंवा महिलांसाठीच्या १८१ला फोन करा. २००५च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने पत्नीला त्या घरात राहण्याचा हक्क आहे, घर कोणाच्याही नावावर असो.

प्यायली गेलीच तर

स्लिप अनेकांना होते. पुढचे चोवीस तास महत्त्वाचे:

1. उरलेली ओतून टाका. ‘आता झालीच आहे तर संपवू’ हा विचार पहिल्या पेगपेक्षा जास्त नुकसान करतो.
2. एका माणसाला आजच्या आज सांगा. समुपदेशक, स्पॉन्सर (ए.ए.मधला मार्गदर्शक), बायको, मित्र, कोणीही.
3. जुन्या प्रमाणात पिऊ नका. शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, पूर्वी पचायची तेवढी आता जिवावर येऊ शकते.
4. डायसल्फिरम घेत असाल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढची गोळी घेऊ नका.
5. सलग काही दिवस प्यायलात, तर पुन्हा डॉक्टरांच्या देखरेखीखालीच बंद करा. दर खेपेला बंद करतानाचा त्रास वाढू शकतो.

दिवस पुन्हा शून्यापासून मोजायचे का, यावर मीटिंगांमध्ये तावातावाने बोललं जातं. तारीख नवी धरा, म्हणजे हिशोब स्वच्छ राहतो. पण आधीचे आठ महिने वाया गेले असं मानू नका. त्या आठ महिन्यांत यकृताला जे मिळालं ते मिळालं, आणि संध्याकाळ कशी घालवायची हे तुम्हाला आता येतं.

वर्ष उलटल्यावर

सहा महिन्यांनंतर झोप बहुतेकांची बसते. वर्षाच्या आसपास लोक सांगतात की आज दिवसभरात दारूची आठवणच आली नाही, आणि हे रात्री त्यांच्या लक्षात आलं. पाचेक वर्षांनंतर घसरण्याचा धोका बराच खाली येतो. शून्य होत नाही.

मग तो प्रश्न: आता एखादा पेग चालेल का? ज्याला कधी सकाळी घोट लागत होता, थरथर होत होती, त्याच्यासाठी उत्तर ‘नाही’ असं आहे. असा माणूस वर्षांनंतर एका पेगने सुरुवात करतो आणि बहुधा काही आठवड्यांत जुन्या प्रमाणावर येतो. डॉक्टरांकडून वेगळं उत्तर मिळेल या आशेने तीन ठिकाणी विचारत फिरत असाल, तर तेच लक्षण समजून फॉलोअपची तारीख अलीकडे घ्या. यकृताची तपासणी, साखर आणि रक्तदाब निदान वर्षातून एकदा बघून घ्या. इतर कोणत्याही आजारासाठी दाखल झालात, भूल घ्यायची असली किंवा वेदनाशामकं लिहून दिली जात असली, तर जुन्या व्यसनाची माहिती तिथल्या डॉक्टरांनाही द्या.